पहिली पाच कडवी

दगड शुक्रवारीच आला. ओसरीत भिंतीला टेकवून, वर आईची जुनी चादर टाकून ठेवला होता, आणि शनिवारी सकाळी नऊ वाजेपर्यंत आंदोरने ती चादर चार वेळा उचलून पाहिली. अक्षरं होती तिथेच होती. ‘गाश्पार देनेश, कांतोर. ह्यांच्यामुळे आम्ही प्रभूच्या मेजाशी गातो.’ बाबा चर्चचे कांतोर होते, म्हणजे ऑर्गन वाजवून मंडळीचं गाणं चालवणारे. ह्या दोन ओळींसाठी त्याने तीन महिने डोकं खाजवलं होतं आणि सिल्वातेल्के गावातल्या प्रत्येकाला त्या वाचून दाखवून सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. उद्या नव्या भाकरीचा रविवार. नव्या गव्हाच्या पावाने प्रभुभोजन होणार, बाबांचं गीत गायलं जाणार आणि मग चर्चच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर हा दगड बसणार. सगळं कसं मनासारखं जुळून आलं होतं.

जुळत नव्हता तो एक कागद. तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडला होता.

शहरातल्या समितीने नव्या गीतसंग्रहात ‘सिल्वातेल्केचं प्रभुभोजन गीत’ घ्यायचं ठरवलं होतं. त्याबद्दल अभिनंदन वगैरे होतं. खाली दोन अटी होत्या. गीत पाच कडव्यांहून मोठं नसावं, आणि कर्त्याचं पूर्ण नाव स्पष्ट अक्षरांत लिहावं. गीत होतं आठ कडव्यांचं. पाळक चोंगोरसाहेब सोमवारी शहरात जाणार होते, म्हणून कागद न्यायला ते आज दुपारीच येणार होते.

“आठातली तीन काढा म्हणे. मुळे आहेत का उपटायला?” आंदोर आत येत म्हणाला.

“आंदोर, भट्टीला सरपण नाही,” त्याची आई रेबेका म्हणाली. ती पहाटे पाचपासून काथवटीशी उभी होती. ह्या वर्षी प्रभुभोजनाचा पाव आणि द्राक्षारस देण्याचा मान गाश्पार घराण्याकडे आला होता, आणि एकाहत्तराव्या वर्षीही तिने पिठाला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. “ओंडके तसेच पडलेत परसात.”

“हो हो,” आंदोर म्हणाला. हे ‘हो हो’ आमच्या गावात ‘नाही’पेक्षा पक्कं असतं.

“सोपं आहे दादा,” पिरोश्का खिडकीतून म्हणाली. ती कालच्या बसने आली होती. आंदोरहून तीन वर्षांनी धाकटी, शहरातल्या शाळेत तेवीस वर्षं व्याकरण शिकवून तिला समोरच्या माणसाचं वाक्यसुद्धा तपासायला घेतल्यासारखं ऐकायची सवय लागली होती. “पहिली पाच ठेव, शेवटची तीन काढ.”

“शेवटची तीन?” आंदोरने छातीवर हात ठेवला. “ती सही आहे बाबांची!”

हे खरं होतं. जुने गीतकार गीताखाली नाव लिहीत नसत, मोठेपणा दिसतो म्हणून. ते कडव्यांच्या पहिल्या अक्षरांत नाव ओवून ठेवत. ‘देई रे प्याला’, ‘नेई मज तुझ्या घरा’, ‘शमली भूक’. दे, ने, श. देनेश. रविवारच्या शाळेतल्या प्रत्येक पिढीला आंदोरने हे फळ्यावर लिहून दाखवलं होतं. दर वेळी स्वतःच थक्क व्हायचा.

“आणि पहिल्या पाचांत काय आहे?” पिरोश्काने विचारलं.

“तुला माहीत आहे.”

“मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.”

“पिरोश्का, सकाळी सकाळी नको.”

“ड, तो, ला, ड, कू,” तिने बोटांवर मोजलं. “पहिल्या ‘ड’ला सोडून द्या. उरलं काय? तो लाडकू!”

आंदोर नऊ वर्षांचा असताना हा शोध त्याने स्वतःच लावला होता आणि गावभर सांगत सुटला होता. गीत लिहिलं गेलं एकोणपन्नासच्या ऑगस्टमध्ये, तेव्हा तो आईच्या पोटात होता. म्हणजे बाबांनी प्रभूच्या मेजाशी त्याला आधीच बसवून ठेवलं होतं. पहिला ‘ड’ मात्र कशातच बसेना. आधीच्या पाळकांना त्याने एकदा विचारलं होतं, हा हिब्रू तर नसेल? ते म्हणाले, बघून सांगतो. मग त्यांची बदली झाली. तेव्हापासून पिरोश्का त्याला लाडकू म्हणत आली होती. त्याचं लग्न झालं, टक्कल पडलं, तो मंडळीचा वडील, म्हणजे चर्चच्या पंचांपैकी एक झाला, तरी लाडकूच.

तो वरवर चिडायचा. पण खरं सांगायचं तर ते शब्द त्याने मनात जपून ठेवले होते. गाश्पार देनेश हा माणूस बोलण्यात भारी काटकसरी. मुलाने नांगर सरळ धरला तरी ‘हं’, वाकडा धरला तरी ‘हं’. आंदोरला बापाकडून आयुष्यात मिळालेलं कौतुक म्हणजे हे दोन शब्द. त्यामुळे त्याला आठही कडवी हवी होती. शेवटच्या तिनांत बाप होता आणि पहिल्या पाचांत तो स्वतः.

“आई, तू सांग. कुठली काढायची?”

“मी सरपणाचं म्हणत होते,” रेबेका म्हणाली.

“बघ, आईला बोलवत नाही,” आंदोर हळू आवाजात बहिणीला म्हणाला. “इतकी भारावते ती ह्या गीताने. चर्चमध्ये सुरू झालं की रुमाल तोंडाला लावून बसते. सहाव्या कडव्यापर्यंत तिला गाताच येत नाही.”

---

एमोके तेवढ्यात गीताचा कागद आणि कात्री घेऊन आली. आंदोरची लेक, बावीस वर्षांची. आजोबांच्या जागेवर गावाने बरीच वर्षं नुसतं चालवून घेतलं होतं. दोन वर्षांपूर्वी ती ऑर्गनवर बसली आणि सिल्वातेल्केला पुन्हा कांतोर मिळाली. बाई कांतोर म्हणून म्हातारे आधी कुरकुरले, मग तिने त्यांना पट्टी दोन सूर खाली करून दिली, तेव्हा गप्प झाले.

“बाबा, तुम्ही गाता, मी वाजवते. माझं ऐका,” ती म्हणाली. “एकोणपन्नास साली तीनशे माणसं रांगेत होती. म्हाताऱ्या बाप्यांपासून ते कालच्या सुनांपर्यंत सगळ्यांना पाव आणि प्याला मिळेपर्यंत आठ कडवी दोनदा म्हणावी लागत होती. आता आपण एकसष्ट. चौथ्या कडव्याला सगळ्यांचं आटोपतं. पुढची चार कडवी मंडळी हात बांधून उभी असतात आणि घरच्या रश्श्याचा विचार करतात.”

“करू देत.”

“दुसरं म्हणजे क्रम. मी दोन वर्षं गप्प बसले, आज बोलते. आधी म्हणतो ‘डहाळी मी, वेल तू’. मग ‘तोडलीस भाकर’. भाकर तोडून वाटून झाली की मग ‘लाभली जागा’. म्हणजे इतका वेळ आम्ही उभ्यानेच खात होतो? मग ‘डवरले शेत’. भाकर आधी, गहू नंतर! आणि सगळ्यांची ढेकर देऊन झाली की ‘कूळ न पुसता घेतलेस जवळी’.”

“ते गूढ आहे,” आंदोर म्हणाला. “विश्वासाचं गूढ. काळ उलटा वाहतो त्यात.”

“माझ्या शाळेत असा निबंध आला असता तर मी परत लिहायला लावला असता,” पिरोश्का म्हणाली.

“तुझ्या शाळेत ना!”

दगडावर ‘कांतोर’ नंतर टिंब हवं की स्वल्पविराम, ह्यावरून दोघं पुन्हा ओसरीत गेली, चादर पाचव्यांदा उठली. एमोकेने त्यांना जाऊ दिलं. तिने आठ कडव्यांच्या आठ चिठ्ठ्या कापल्या आणि पिठाने पांढऱ्या झालेल्या टेबलावर पसरल्या. गाण्याला अर्थ येईल असा क्रम लावायचा आणि मग कुठली तीन सुटतात ते बघायचं, असा तिचा सरळ हिशोब होता.

“एमोके, पीठ वर आलं बघ. सरपण लागेल,” आजी म्हणाली.

“आणते हं आजी,” ती म्हणाली आणि जागची हलली नाही.

आधी पाहुण्याला जागा मिळायला हवी. ‘लाभली जागा’ सगळ्यात वर. मग ‘कूळ न पुसता’, कारण बसवून घेतानाच तर कुणी कुळाची चौकशी करतं. मग गहू, ‘डवरले शेत’. मग ‘तोडलीस भाकर’. मग द्राक्षाकडे वळायचं, ‘डहाळी मी, वेल तू’. त्याच्या पाठोपाठ ‘देई रे प्याला’ इतकं बेमालूम आलं की तिला हसू फुटलं. हे इतकं सरळ होतं तर आजोबांनी वाकडं का केलं?

तिने चिठ्ठ्या एकाखाली एक नीट सरळ केल्या. आणि मग तिची नजर उभी खाली गेली.

तिने पुन्हा वाचलं. मग आजीकडे पाहिलं. रेबेकाचे हात पिठात थांबले होते.

“आजी...”

“काय गं?”

“काय झालं?” पिरोश्का दारातूनच म्हणाली. व्याकरणाच्या बाईंना उभं, आडवं, उलटं, कसंही ठेवलं तरी वाचता येतं. तिने टेबलाकडे एक नजर टाकली आणि वर्गात वाचावं तसं मोठ्याने वाचलं, “ला, कू, ड, तो, ड, दे, ने, श. लाकूड तोड, देनेश.”

माशीचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता पसरली. माशी होतीच, ती काथवटीवर बसली होती. रेबेकाने ती हाकलली.

“सत्तेचाळीस वर्षं लागली,” ती म्हणाली. “आणि घरात दोन जण शिकवणारे.”

---

“योगायोग आहे,” आंदोर म्हणाला. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

“योगायोग?” रेबेकाने हात पुसले. “अरे, ‘ड’ने सुरू होणारे पवित्र शब्द किती असतात ते तू सांग मला. डुक्कर, डबकं, डांबर, डास. प्रभूच्या मेजाशी ह्यांतलं काय मांडायचं होतं? आणि मला ‘ड’ दोन हवे होते. ‘डहाळी’ पटकन सुचली, पण ‘डवरले’ला मी दोन दिवस घासले.”

“तू?” पिरोश्का धपकन बसली. “आई, तू लिहिलंस?”

“मग कोण? आर्चडीकनसाहेबांनी, म्हणजे पाळकांच्या वरच्या साहेबांनी, ह्यांना सांगितलं, नव्या भाकरीसाठी नवं गीत हवं. हे बसले. तीन आठवडे बसले. मी सात महिन्यांची पोटुशी, भट्टी पेटवायची, ओंडके मीच फोडायचे. म्हटलं, अहो, लाकडं. म्हणाले, श्श, आत्ता येतंय. दुसऱ्या दिवशी म्हटलं, अहो, लाकडं. श्श, गेलं ना तुझ्यामुळे! मग मीच लिहिलं. पीठ फुगेपर्यंत बायकांना दुसरं काय काम असतं? पिठाच्या पिशवीचा कागद होता. लिहिलं आणि ह्यांच्या पुढ्यात ठेवलं.”

“आणि बाबा काय म्हणाले?”

“रडले. मग ऑर्गनवर बसले आणि दुपारभरात चाल बांधली. चाल मात्र अख्खी ह्यांची, अशी चाल मला सात जन्मांत सुचली नसती. उभं वाचायचं ह्यांच्या डोक्यातच आलं नाही. शनिवारी मंडळीसाठी चांगली प्रत करायला घेतली, पहिलं पहिलं अक्षर तांबड्या शाईने मोठं काढलं, तेव्हा डोळ्यांत खुपलं.” ती आता हसू आवरायचा प्रयत्न करत होती. “बाहेर गेले आणि दिवे लागेपर्यंत लाकडं फोडली. पहिल्या पाच कडव्यांचा क्रम फिरवला. आपलं नाव तेवढं राहू दिलं.”

“म्हणजे तू रुमाल लावून बसतेस ती...” एमोके म्हणाली.

“हसू दाबते बाई. तीनशे माणसं डोळे मिटून गातायत, आणि मला आपली लाकडं दिसतायत.”

“ते राहू दे,” पिरोश्का म्हणाली. तिला वेगळाच धक्का बसला होता. “तू बाबांना नावाने हाक मारलीस? एकेरीत? ‘तोड’? आयुष्यभर अहो-जाहो केलंस!”

“देवाशी एकेरीत बोलतो ना त्याच गाण्यात? मग नवऱ्याला काय धाड भरली होती?”

आंदोर हसला नाही. “मग इतकी वर्षं का नाही बोललीस?”

“बोलायची गरजच पडली नाही. त्या दिवसापासून रोज सकाळी उठल्याबरोबर हे लाकडं फोडून भट्टीशी आणून रचायचे. अठ्ठावीस वर्षं. पाठ धरली तरी चुकले नाहीत. मी गाण्याबद्दल बोलले नाही, हे लाकडांना चुकले नाहीत. आमचं मिटलेलं होतं.”

आंदोरला ती रचलेली लाकडं आठवली. बाबांची नम्रता म्हणून रविवारच्या शाळेत तो त्यांचंही उदाहरण द्यायचा.

“मग आता?”

“आता ह्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. एकोणीस वर्षं लाकडं मीच फोडतेय. आज सकाळपासून तीनदा म्हटलं, कुणी उठलं?” रेबेकाने तिघांकडे बघितलं. “करार संपला, आंदोर.”

---

पाळकसाहेब आले तेव्हा टेबलावर पालिंकाची, फळांच्या कडक दारूची, बाटली निघाली होती. चोंगोरसाहेब तिशीतले. त्यांना सगळं तीन तोंडांनी एकदम सांगण्यात आलं. ते आधी पोट धरून हसले, मग आपण पाळक आहोत हे आठवून गंभीर झाले.

ह्या अर्ध्या तासात घरातल्या बाजू सगळ्या उलट्यापालट्या झाल्या होत्या. सकाळी तीन कडवी काढा म्हणणारी पिरोश्का आता आठाला हात लावू देईना. “अख्खं वाक्य छापा! समितीला पाच हवीत तर समितीने आपली माणसं कमी करावीत!” आठही हवीत म्हणणारा आंदोर आता म्हणत होता, शेवटची तीनच पाठवा, नाहीतर काहीच पाठवू नका. एमोके म्हणत होती, अर्थाचा क्रम हवा, बाकी मला काही ठाऊक नाही. मधेच पिरोश्काने भावाला पेला भरून दिला आणि आंदोरने तो घेतला, ही ह्या दोघांतली त्या दिवसातली एकच एकी.

“कडवी ठरवा सावकाश,” पाळकसाहेब म्हणाले. “पण कर्त्याच्या जागी काय लिहू?”

सगळ्यांनी रेबेकाकडे पाहिलं.

तिच्या ओठांवर ‘राहू दे’ आलं होतं. हा शब्द तिला आयुष्यभर फार सोपा गेला होता. मोठा तुकडा वाढायची वेळ आली की राहू दे, नवा झगा घ्यायची वेळ आली की राहू दे. आताही म्हणून टाकलं असतं तर उद्याचा दगड बसला असता आणि आंदोरच्या चेहऱ्यावर रंग आला असता. मुलाचा असा चेहरा तिला बघवत नव्हता.

“आई,” आंदोर म्हणाला, “तुला खरंच हवंय? गाव काय म्हणेल? दगड तयार आहे.”

“हवंय,” रेबेका म्हणाली. तिला तिचाच आवाज अनोळखी वाटला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं. “हो, हवंय मला. मंडळीच्या वहीत मी ‘सौ. गाश्पार देनेश’. मतदार यादी लावली तेव्हाही मला वाचून दाखवलं ते तेच. माझ्या आईने ठेवलेलं नाव मी कधी छापलेलं बघितलं नाही. एकदा बघायचंय.”

आंदोर उठला आणि परसात गेला. थोड्या वेळाने कुऱ्हाडीचा आवाज येऊ लागला.

“बाबा लाकडं फोडतायत,” एमोके म्हणाली.

“करार पुन्हा चालू करतोय,” पिरोश्का म्हणाली.

तसंच होतं. तो कवेत मावतील तेवढी लाकडं घेऊन आला, भट्टीशी धाडकन टाकली आणि आईसमोर उभा राहिला. “रोज आणून देईन. आता?”

“एका खेपेत आठ कडवी?” रेबेका म्हणाली. “ह्यांना अठ्ठावीस वर्षं लागली होती बाबा.”

पाळकसाहेबांनी पेल्यात तोंड लपवलं. आंदोर पुन्हा बाहेर गेला, आणि ह्या वेळी कुऱ्हाडीचा आवाज आला नाही. रेबेकाने एमोकेला भट्टी पेटवायला सांगितलं आणि ती त्याच्यामागे निघाली. ओसरीत थांबून तिने चादर उचलली, दगड वाचला.

“ह्यांच्यामुळे आम्ही प्रभूच्या मेजाशी गातो,” ती म्हणाली. “अगदी बरोबर आहे. ह्यांनी वेळेवर लाकडं तोडली असती तर गाणं झालंच नसतं. हा दगड असाच बसवायचा, एक अक्षर बदलायचं नाही.”

---

आंदोर ओंडक्यावर बसला होता. पाठीमागे आई आली हे कळूनही त्याने मान वळवली नाही.

“बाबांचं नाव गेलं म्हणून नाही,” तो म्हणाला. “मी मूर्ख ठरलो म्हणूनही नाही. पोरांना काय काय शिकवलं मी, ते हसतील, हसू देत.” त्याने झाडाची साल नखाने सोलली. “पण ते ‘तो लाडकू’. तेसुद्धा काही नव्हतं मग. नुसती फिरवाफिरव. मी आपला सेहेचाळीस वर्षांचा घोडा, ते उराशी धरून बसलो होतो.”

रेबेका त्याच्या शेजारी बसली. तिच्या गुडघ्यांनी तक्रार केली, ती तिने ऐकून घेतली.

“मी लिहिलं ‘लाकूड तोड’,” ती म्हणाली. “‘तो लाडकू’ मी नाही लिहिलं.”

“मग?”

“लपवायचंच असतं तर दोन कडवी इकडची तिकडे केली असती तरी भागलं असतं. लाकडं फोडून आत आले आणि ह्यांनी पाच कडव्यांच्या पाच चिठ्ठ्या केल्या, त्याच टेबलावर. किती वेळ बसले होते! लाव, मोड, पुन्हा लाव. मधेच माझ्या पोटाकडे बघायचे. मग मला म्हणाले, सगळं बसतंय गं, पण एक ‘ड’ उरतोय. मी म्हटलं, उरू दे, पुढे टाका कुठेतरी.”

आंदोरने आता मान वळवली.

“तुला तेव्हाच कळलं होतं?”

“वाचता येतं मला. म्हटलं, मुलगी झाली तर? तर म्हणाले, ‘ती’चं कडवं नाहीये, मुलगाच होणार.” ती हसली. “तीन आठवडे बसून ह्यांना एवढंच सुचलं. दोन शब्द. पण ते दोन ह्यांचे स्वतःचे होते, मी मदत केली नाही. आणि त्यासाठी माझं एवढं सरळ गाणं वाकडं केलं. भाकर आधी, गहू नंतर. तरी मी चालू दिलं, ते का?”

 आंदोरने बाहीने नाक पुसलं, सेहेचाळीस वर्षांच्या मंडळीच्या वडिलाने पुसू नये तसं.

आत आल्यावर त्याने पाळकसाहेबांच्या हातातून पेन घेतलं. बोटांना साल चिकटलेली होती, कागदावर डाग पडला. कर्त्याच्या जागी त्याने स्पष्ट अक्षरांत आईचं माहेरचं नाव लिहिलं. पेंतेक रेबेका. त्याखाली लिहिलं, चाल गाश्पार देनेश. रेबेकाने कागद हातात घेतला, खिडकीपाशी नेला, लांब धरून वाचला, जवळ धरून वाचला.

“आणि कडवी?” पाळकसाहेबांनी विचारलं.

“पहिली पाच. माझ्या क्रमाने.”

“म्हणजे शेवटची तीन गेली,” पिरोश्का म्हणाली. “आई, बाबांचं नाव गळेल!”

“पुस्तकाला लाकूड द्या,” रेबेका म्हणाली. “देनेशला मी घरीच ठेवते.”

 पन्नास वर्षांत तिने हे नाव पहिल्यांदाच तोंडाने घेतलं होतं.

भट्टी आता चांगली धरली होती. एमोके गुडघ्यांवर बसून आत फुंकत होती. “आणि उद्या?” तिने वर बघून विचारलं. “उद्या चर्चमध्ये कुठल्या क्रमाने वाजवू? आजीच्या?”

“उद्या आठही. ह्यांच्या क्रमाने,” रेबेका म्हणाली. “नेहमीसारखं.”

“पण आता कारण काय त्याला?” पाळकसाहेब म्हणाले. “अर्थ तर तुमच्याच क्रमात लागतो.”

आंदोर भिंतीकडे बघत होता. पिरोश्काने भावाकडे पाहिलं, त्याचे डोळे पाहिले, परसाकडचं दार सताड उघडं होतं तेही पाहिलं. कान तिला पहिल्यापासूनच तिखट होते.

“कारण तो लाडकू आहे,” ती म्हणाली, आणि ह्या वेळी त्यात चिडवणं नव्हतं. मग तिने भट्टीत वाकून बघितलं. “एवढ्यात पाव भाजायचा नाही हं. अजून एक खेप लागेल.”

लाडकू उठला आणि कुऱ्हाड घेऊन परसात गेला.